आंदिजमधील वकील आणि सातपुड्यातील झोळी

१३ ऑक्टोबर १९७२ रोजी उरुग्वेचे विमान आंदिज पर्वतात कोसळले. ४५ जणांपैकी १६ जण ७२ दिवसांनी वाचले, तेही मृत सहप्रवाशांचे मांस खाऊन. कायद्याचा विद्यार्थी आल्फ्रेदो देल्गादो याने मोंतेव्हिदेओतील पत्रकार परिषदेत ही गोष्ट उघडपणे मांडली आणि ख्रिस्ताच्या अखेरच्या भोजनाचा दाखला दिला. आरोपीही स्वतः आणि वकीलही स्वतःच! देल्गादो पुढे कायद्याच्याच व्यवसायात राहिले.

या युक्तिवादाची कीर्ती झाली. परंतु तो करण्यास ते जिवंत उरले, याचे श्रेय दहा दिवस डोंगर तुडविणाऱ्या दोघा सोबत्यांना आणि निरोप घेऊन पोलीस चौकी गाठणाऱ्या सेर्जिओ कातालान या गुराख्याला आहे. २०२१ च्या जुलैत चोपडा तालुक्यात सातपुड्यात प्रशिक्षण विमान पडले, तेव्हा जखमी प्रशिक्षणार्थी तरुणीला आदिवासींनीच झोळीतून खाली आणले.

नंदुरबार जिल्ह्याला ही झोळी अपरिचित नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या कित्येक पाड्यांवरून अडलेली बाळंतीण, विमान न पडताही, बांबूला बांधलेल्या झोळीतूनच रस्त्यापर्यंत येते. रस्ते-पुलांच्या तरतुदीत या झोळीचा हिशेब कोठे धरला आहे, हे जिल्हा परिषदेने एकदा सांगावे.