‘मोफत’ रात्रीचा हिशेब

क्रेडिट कार्ड घ्या आणि तारांकित हॉटेलात एक रात्र मोफत राहा, या आमंत्रणाने मध्यमवर्ग बराच सुखावलेला दिसतो. एचडीएफसी बँक व मॅरियट बॉनव्हॉय यांनी २०२३ साली काढलेले कार्ड हे याचे बोलके उदाहरण होय. ते निघाले तेव्हा त्याची वार्षिक फी ३,००० रुपये, म्हणजे १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून ३,५४० रुपये होती. स्वागताची भेट म्हणून १५,००० पॉइंटांपर्यंतच्या खोलीत एक रात्र, तीही वर्षाच्या आत उपभोगायची.

आठ हजारांची खोली साडेतीन हजारांत पडली, सबब साडेचार हजारांचा निव्वळ लाभ, असे गणित सर्रास मांडले जाते. ते चूक आहे. फुकट मिळाली नसती तर त्या खोलीसाठी ग्राहकाने खिशातून किती रुपये काढले असते, हा खरा प्रश्न. धंद्याच्या कामाने नाशिकला जाऊन एरवीही आठ हजारांच्याच खोलीत उतरणाऱ्या व्यापाऱ्याला लाभ झाला, हे मान्य. परंतु जो शिक्षक अडीच हजारांच्या लॉजमध्ये सुखाने झोपतो, त्याच्या लेखी या रात्रीचे मोल अडीच हजारांहून थोडेसेच अधिक असते आणि त्याने मोजलेले असतात ३,५४०. (मुलाबाळांच्या न्याहारीचे बिल निराळेच!)

हवी ती रात्र मिळेल, याचीही शाश्वती नाही. मार्च २०२२ मध्ये मॅरियटने पॉइंटांचे ठरीव दरपत्रक मोडीत काढले; तेव्हापासून हे दर मागणीप्रमाणे चढतात-उतरतात. नाताळात गोवा गाठू म्हणणाऱ्याला खोली १५,००० च्या पलीकडे गेलेली आढळण्याचाच संभव अधिक. वरचा फरक जवळच्या पॉइंटांनी भरता येतो. पण ते जमावेत कसे? किराणा-कापडासारख्या नित्याच्या खरेदीवर आरंभी दर १५० रुपयांस दोन पॉइंट ठरले होते. या हिशेबाने १५,००० पॉइंटांसाठी सव्वाअकरा लाखांची खरेदी करावी लागते!

हॉटेलला ही भेट जड जात नाही. आज रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नसते. बँकेची कमाई मात्र दुकानदाराकडून मिळणारे कमिशन आणि थकबाकीवरील व्याज यांतून होते. तीस टक्क्यांहून अधिक वार्षिक व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असे राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगाने २००८ साली ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. दरमहा साडेतीन टक्के दराने चाळीस हजारांची बाकी तीन महिने राहिली, की ४,२०० रुपये केवळ व्याजात जातात आणि त्या व्याजावर पुन्हा कर असतोच.