दुसरी जोडी टेम्पोत नको



एका ताईंचे पत्र आले आहे. त्यांच्या सासूबाई साठीच्या घरात असून दहा दिवसांच्या धम्म पदयात्रेला निघणार आहेत. रोजची चाल वीस-बावीस किलोमीटरची. सुनेने हौसेने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले. आता त्याच दुकानातून, त्याच मापाची आणखी एक जोडी जास्तीची म्हणून आणावी काय, असे त्या विचारतात. सासूबाईंचे म्हणणे निराळेच. "एक तरी कशाला? आम्ही अनवाणी चालतच मोठ्या झालो," असे त्या म्हणतात. आणि पत्राच्या अगदी तळाशी, सही करता करता लिहावे तशी एक ओळ आहे की सासूबाईंना सात वर्षांपासून साखर आहे.

ताई, ही ओळ तुम्ही सर्वांत आधी लिहायला हवी होती.

माझ्या आत्यालाही साखर होती. काही वर्षांपूर्वी ती अशाच पदयात्रेत गेली. नवे बूट, नवे मोजे, नवे पांढरे लुगडे. दुसऱ्या दिवशी दुपारी बुटात बारीक खडा गेला. तिला तो कळलाच नाही, कारण साखरेने तिच्या तळपायाची संवेदना केव्हाच कमी झाली होती. मुक्कामाला मोजा काढला तेव्हा तो रक्ताने चिकटलेला होता. तरी ती तिसऱ्या दिवशी तेच बूट घालून चालली. दुसरी वहाण होती, पण ती सामानाच्या टेम्पोत, आणि टेम्पो पहाटेच पुढच्या गावी गेलेला. पुढे तीन महिने मलमपट्टी झाली आणि अखेर पायाचे एक बोट काढावे लागले. आत्या स्वतःच सांगायची, "चालण्यानं नाही गेलं बोट, न बदलण्यानं गेलं."

आता सासूबाईंच्या अनवाणीपणाविषयी. आपल्या आज्या-पणज्या अनवाणी चालल्या त्या पुण्यासाठी नव्हे. वहाणेला पैसे नव्हते, आणि असली तरी कित्येक गावांत वाड्यापुढून जाताना ती काढून हातात घ्यावी लागे. ज्या सक्तीतून आपण बाहेर आलो, तीच आता श्रद्धा म्हणून पायाशी बांधून घ्यायची काय?

तथागतांनी तर हा प्रश्न फार पूर्वीच सोडविला आहे. विनयपिटकाच्या महावग्गात पादत्राणांचे एक सबंध प्रकरणच आहे. सोण कोळिविस हा चंपा नगरीच्या श्रेष्ठीचा मुलगा, अतिशय सुकुमार. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळ सीतवनात तो इतका चंक्रमण करू लागला की तळपाय फुटून चालण्याची जागा रक्ताने भरली. भगवंतांनी त्याला वीणेच्या तारांचा दृष्टान्त दिला हे आपण ऐकलेले असते. त्याच प्रसंगी त्यांनी त्याला एका पदराच्या तळाची वहाण घालण्याची अनुज्ञा दिली, हे मात्र प्रवचनात क्वचितच येते. सोण म्हणाला, सर्वांना मिळणार असेल तरच मी घालीन. मग ती अनुज्ञा सर्व भिक्खूसंघाला झाली.

पुढची गोष्ट मला अधिक आवडते. पाय दुखत असल्याने लंगडत चाललेला एक भिक्खू पाहून एका उपासकाने आपल्या पायातील जाड, अनेक पदरी वहाण काढून त्याला दिली. तेव्हा नियम झाला की अनेक पदरी वहाण चालेल, पण दुसऱ्याने वापरून सोडलेली, कोरी नको. नियम साधेपणासाठी असेल, पण ज्याने कोऱ्या चपलेचा चावा सोसला आहे त्याला त्यात वेगळाही अर्थ दिसेल. आणि अवंती-दक्षिणापथासारख्या दूरच्या मुलखात, जिथे जमीन काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी खडबडीत झालेली असते, तिथे जाड वहाण सरळ मान्य केली. उन्हाळ्यात वाळलेल्या आपल्या काळ्या रानातून जी चालली आहे तिला हे वेगळे समजावून सांगायला नको.

२०२३ साली दक्षिण कोरियाच्या १०८ बौद्ध यात्रेकरूंनी सारनाथहून निघून बोधगया, राजगीर, वैशाली, कुशीनगर, लुंबिनी करीत श्रावस्तीपर्यंत ४३ दिवसांत १,१०० किलोमीटरहून अधिक वाट पायी तोडली. म्हणजे रोजचे पंचवीसच्या वर. इतके चालणे एका जोडीवर सोडून देता येत नाही. दहा दिवसांचेही नाही.

तर ताई, जोडी दुसरी हवीच, पण पहिलीसारखी नको. त्याच घडणीचा बूट त्याच जागी घासणार. टाच सोलली असेल तर दुसऱ्या जोडीनेही तीच सोलेल. पहिला बूट बंद असेल तर दुसरी वहाण उघडी घ्यावी, म्हणजे दाब दुसरीकडे पडतो, बोटांना वारा लागतो, आणि ओढा ओलांडताना बूट भिजले तर ते वाळेपर्यंत तिच्यावर चालता येते. मागे टाचेला पट्टा असलेली, पट्टे सैल-घट्ट करता येणारी सँडल उत्तम. संध्याकाळी पाय सुजलेले असतात तेव्हा पट्टा एक घर सैल करावा.

रबरी स्लिपर मुक्कामावर, न्हाणीपुरती ठीक. तिच्यावर मैलोगणती चालले की बोटांनी ती धरून ठेवावी लागते, पोटऱ्या भरून येतात, आणि अंगठ्याजवळचा पट्टा नेमका भरदुपारी निसटतो. कोल्हापुरी चप्पल आपल्याच माणसांच्या हातची, सुरेख. पण ती दोन महिने घरी वापरून, तेल पाजून मऊ केलेली असेल तरच. शिवाय तिच्या अंगठ्यामुळे मोजा घालता येत नाही.

साखर असलेल्यांनी मात्र बोटांच्या मध्ये पट्टा येणारे काहीच घालू नये. त्यांच्यासाठी एम.सी.आर. नावाच्या मऊ रबराच्या तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल मिळते. बधिर पायांच्या कुष्ठरुग्णांना ती देत, आता मधुमेहींनाही देतात. वजनाला हलकी असते, म्हणून दुसरी जोडी म्हणून फारच सोयीची. प्रत्येक वेळी घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा, रात्री तळपाय आरशात पाहावा किंवा सुनेकडून पाहून घ्यावा. लाल डाग दिसला की दुसऱ्या दिवशी वहाण बदलायची. फोड आला तर फोडायचा नाही, डॉक्टरांना दाखवायचा. निघण्यापूर्वीही सासूबाईंचे पाय एकदा डॉक्टरांना दाखवाच.

दोन्ही जोड्या निघण्याच्या महिनाभर आधी घ्या आणि आलटून पालटून घालायला लावा. एखाद्या रविवारी पहाटे दुसऱ्या जोडीवर पाच-सहा किलोमीटर चालवून आणा, तुम्हीही सोबत जा. यात्रेत ती जोडी टेम्पोत नको. पातळ पिशवीत घालून खांद्याच्या झोळीत, पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवायची. झोळी जड होते अशी तक्रार येईल. मग दुसरे पातळ आणि स्टीलचा डबा टेम्पोत टाका. झोळीत एक दाभण आणि मेणाचा जाड दोराही असू द्या, वाटेत चर्मकार बंधू भेटेलच असे नाही.

आणि माप संध्याकाळी घ्या. कागद जमिनीवर पसरून सासूबाईंना दोन्ही पायांवर भार देऊन उभे करा, पेन्सिलीने दोन्ही पावले आखा. डावे-उजवे सारखे निघणार नाही. मोठे असेल त्याचे माप घ्या, आणि दुकानात मोजे घालूनच वहाण पाहा. आणलेले कॅनव्हासचे बूटही त्या कागदावर ठेवून पाहा. पेन्सिलीची रेघ बाहेर दिसली तर ते लगेच बदलून आणा.