इंजिन बसेल हो, पण आरसीवर काय लिहायचं?

चिटगुप्पा : जुन्या पिकअपचं बॉनेट उघडून त्यात दुसरंच इंजिन उतरवायचं, हे काम या भागाला नवीन नाही. हुमनाबादपासून मन्नाएखेळी, पुढं झहीराबादपर्यंत पुणे-हैदराबाद हमरस्त्याच्या कडेनं गॅरेजं आहेत. बसवकल्याणचं ऑटोनगर तर जुन्या ट्रकच्या कामासाठी लांबलांबच्या मालकांना ठाऊक आहे. "मिस्त्री, हेच्यात दुसरं इंजिन बसतंय का?" हा तिथला रोजचा प्रश्न. आता त्यात एका नव्या शब्दाची भर पडतेय, ती म्हणजे रोटरी. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमधले हौशी लोक पन्नास वर्षांच्या पिकअपमध्ये घरी बांधलेलं रोटरी इंजिन बसवतात, त्याचे व्हिडिओ इथल्या पोरांच्या मोबाईलवरही येतात. आवाज ऐकून कुणीही खुळावेल असाच आहे.

प्रश्न असा, की हे इथं होईल का? आणि झालंच, तर त्या गाडीला रस्त्यावर कुठली जागा आहे? पहिल्या प्रश्नाचं उत्तर वाटतं त्यापेक्षा आशादायक आहे. दुसऱ्याचं नाही.

रोटरीत पिस्टन नसतो. कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्टही नाही. मधे किंचित चेपलेल्या लंबगोल डब्यात तीन कोनांचा एक रोटर फिरतो. त्याच्या तिन्ही बाजूंवर आलटून पालटून पेट्रोल-हवा आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं चालू राहतं. रोटरची एक फेरी होईपर्यंत मधला शाफ्ट तीन फेऱ्या मारतो. हिशेब केला तर प्रत्येक रोटरमागे शाफ्टच्या दर फेरीला एक ठोका मिळतो, आपल्या नेहमीच्या इंजिनात तो एका सिलिंडरला दोन फेऱ्यांमागे एकदा मिळतो. म्हणून दोन रोटरचं १३०८ सीसीचं इंजिन आकारानं लहान असूनही त्याच्या दुप्पट सीसीच्या इंजिनाच्या पंगतीला बसतं. थरथर कमी, वजन कमी.

ही कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची. एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं इंजिन चालू झालं. जपानच्या माझदानं परवाना घेतला आणि १९६७ मध्ये कॉस्मो ही मोटार बाजारात आणली. आपल्याकडं माझदा म्हटलं की आठवतो तो स्वराज माझदाचा ट्रक. तो डिझेलचा, त्याचा रोटरीशी संबंध नाही. पण त्याच माझदानं १९७४ मध्ये उत्तर अमेरिकेच्या बाजारासाठी चक्क रोटरी इंजिनाचा पिकअप काढला. १९७७ पर्यंत सुमारे पंधरा हजार गाड्या निघाल्या आणि विषय बंद झाला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल पिणारी मालवाहू गाडी कोण घेणार? जगातल्या एका मोठ्या कंपनीनं कारखान्यात बसवून पाहिलेली जोडी चार वर्षांत थांबली, हे आज ती जोडी हातानं जुळवू पाहणाऱ्यानं लक्षात ठेवायला हवं.

लेथवर काय होतं, काय होत नाही

समजा, हाती महिंद्राची जुनी एफसी-१५० आहे. चपट्या तोंडाची, दोन सीटच्या मधे इंजिनाचा डबा असलेली. किंवा विलीज जीपवर बांधलेला पिकअप. मूळ इंजिन पेट्रोलवरचं, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं हरिकेन. ते काढून दोन रोटरचं बसवायचं, तर यातलं बरंचसं काम आपला मिस्त्री करू शकतो. इंजिनाचं फाउंडेशन वेल्डिंगनं तयार होतं. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधे जाड पत्र्याची अडॅप्टर प्लेट लागते, ती लेथवर निघते. पण इथं घाई चालत नाही. दोन्हींची मध्यरेषा केसभर जरी सरकली, तरी गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग थोड्याच दिवसांत ओरडायला लागतं. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलली की तो परत बॅलन्स करायचा. क्लच प्लेटचे दाते गिअरबॉक्सच्या शाफ्टला जुळवायचे. ही सगळी कामं मॅटाडोरचं इंजिन जीपमध्ये बसवणाऱ्या हातांना येतात.

अडचण पुढं आहे. जुनं हरिकेन चार हजार फेऱ्यांच्या आतबाहेर आपलं सगळं बळ देतं, आणि ओढ खालच्या फेऱ्यांपासूनच असते. रोटरी खाली मऊ असतं, सहा-सात हजारांवर गेल्यावर जागं होतं. तुरीची पोती भरून चढाला लागलेल्या गाडीला नेमकं उलटं हवं असतं. त्यासाठी गिअर आणि मागचं डिफरन्शियल बदलावं लागतं. ते बदललं की ब्रेकचा विषय निघतो, कारण जुने ड्रम ब्रेक त्या वेगासाठी केलेलेच नाहीत. इंजिन बदलायला घेतलेलं काम अशानं अर्ध्या गाडीचं होतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. रोटरीत ज्वाळा डब्याच्या एकाच बाजूला पेटते, त्यामुळं ती बाजू कायम तापलेली आणि दुसरी गार. बरीच उष्णता ऑइलमधून बाहेर काढावी लागते, म्हणून रेडिएटरसोबत मोठा ऑइल कूलर अत्यावश्यक. कलबुर्गीचा मे महिना ज्यांनी ट्रकच्या केबिनमध्ये काढलाय, त्यांना पुढचं सांगायला नको.

आणि तिसरी गोष्ट आपल्या मिस्त्रीच्या धंद्यालाच हात घालते. इंजिन ऑइल खायला लागलं की इथं एकच निदान, बोअर झिजलंय. बोअर करा, पिस्टन-रिंगा टाका, झालं. रोटरी मात्र मुळातच ऑइल खातं. रोटरच्या टोकांवरच्या पट्ट्यांना वंगण मिळावं म्हणून एक छोटा पंप मुद्दाम थोडं ऑइल आत सोडतो. बरं, डब्याची आतली भिंत खराब झाली तर बोअर करायची सोयच नाही. तिचा आकार गोल नाही, आणि तिच्यावर कठीण धातूचा लेप असतो. तो गेला की डबाच बदलायचा.

या भिंतीनंच सगळ्यांना दमवलंय. माझदाच्या पहिल्या इंजिनांत टोकाच्या पट्ट्या थरथरून आतून ओरखडे पाडायच्या, त्यांना तिथले अभियंते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोटो यांच्या तुकडीनं कार्बनच्या पट्ट्या करून त्यावर उपाय काढला, तेव्हा कुठं कॉस्मो रस्त्यावर आली.

आपल्या देशातही हे इंजिन बनलंय, ही गोष्ट फार कमी जणांना माहीत आहे. त्यात वाटा महाराष्ट्राचा आणि कर्नाटकाचा असा दोघांचा आहे. लष्कराच्या निशांत या चालकरहित विमानासाठी परदेशी इंजिनाऐवजी ५५ हॉर्सपॉवरचं देशी वांकेल इंजिन तयार झालं. गाभा बंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेनं, म्हणजे एनएएलनं केला. डब्याच्या आतला निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा लेप, ॲल्युमिनियमचं खास ओतकाम हे त्यातलं अवघड काम. इग्निशन आणि इंधनाची व्यवस्था नगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या, व्हीआरडीईनं केली. २००९ मध्ये कोलारच्या धावपट्टीवर ते निशांतला घेऊन उडालं. वजन जेमतेम ३० किलो. दोन सरकारी संस्थांना ज्या लेपासाठी राबावं लागलं, तो गावातल्या लेथवर निघणार नाही, हे मान्य करायला कमीपणा वाटायचं कारण नाही. म्हणजे गाभा बाहेरून मागवायचा आणि बसवण्याचं काम इथं. परदेशातले हौशीही तेच करतात. रोटर बहुतेक माझदाचेच असतात. तीन किंवा चार रोटर एकामागे एक जोडायचे तर लांब शाफ्ट आणि भक्कम डबे तेवढे खास बनवून घेतात.

कायदा एका ओळीत नाही म्हणतो

इथवरचं सगळं पैशाचं आणि चिकाटीचं काम आहे. यापुढं पैसा उपयोगी पडत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीनं मूळ जे तपशील दिलेत, त्याच्याशी आरसीतली नोंद विसंगत होईल असा बदल मालकानं गाडीत करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं, त्यात बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. मान्यताप्राप्त किट लावून सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरीवर गाडी नेता येते, त्याला वाट ठेवलीय. पण पेट्रोलच्या जागी वेगळ्या जातीचं पेट्रोल इंजिन, आणि तेही हातानं जुळवलेलं, त्याला खिडकीच नाही.

मग जुनी गाडी म्हणून सवलत मिळेल का? केंद्रानं जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये फी, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको. शिवाय रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला ती काढायची नाही. म्हणजे रोटरी बसवलं त्या क्षणी पिकअप व्हिंटेज राहत नाही, आणि साधी गाडी म्हणूनही पास होत नाही. ना इकडची, ना तिकडची.

हौशी माणसाचं नुकसान झालं तर झालं. पण हा प्रश्न रोटरीपुरता नाही, म्हणून त्याकडं गंभीरपणे पाहायला पाहिजे. या सीमाभागात जुन्या जीप आणि पिकअप मुळात जगल्याच इंजिनं बदलून. पेट्रोल परवडेना तेव्हा हरिकेन भंगारात गेलं आणि त्या जागी कुठं प्यूजोचं, कुठं मॅटाडोरचं डिझेल इंजिन आलं. काहींची नोंद रीतसर झाली, काहींची कधीच नाही. त्या गाड्यांतून माल जातो, बाजाराच्या दिवशी माणसंही जातात. अशी गाडी एखाद्याला धडकली, आणि आरसीवर पेट्रोल व बॉनेटखाली डिझेल निघालं, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते. समोरच्याला भरपाई आधी कंपनीनं द्यावी आणि मग मालकाकडून वसूल करावी, असे आदेशही न्यायालयं वेगवेगळ्या अटीभंगांत देतात. दोन एकरांच्या मालकासाठी तो आकडा म्हणजे जमीन.

त्यात तीन राज्यांचा गुंता. गाडी एमएच-२४ लातूरची, मालक केए-३८ बीदरचा, भाडं तेलंगणाचं. बारा महिन्यांवर दुसऱ्या राज्यात ठेवली तर तिथला नंबर घ्यायचा, त्यासाठी एनओसी, त्यासाठी इंजिन नंबरची पडताळणी. नेमक्या याच पायरीवर बदललेलं इंजिन उघडं पडतं, म्हणून मालक पायरीच चढत नाहीत आणि गाडी वर्षानुवर्षं परक्या नंबरावर फिरते.

सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या एका कारागिरानं भंगारातून छोटी जीप बनवली, ते प्रकरण २०२१ च्या अखेरीस गाजलं होतं. आनंद महिंद्रा यांनी कौतुक केलं, पण ही गाडी नियमात बसत नसल्यानं आज ना उद्या अडवली जाईल, असंही लिहिलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती मिळाली. कारागिराला गाडी मिळाली, चांगलं झालं. पण कौशल्याला परवाना मिळाला नाही, बक्षीस मिळालं. प्रत्येक कारागिराला बोलेरो थोडीच मिळणार आहे?

न्यूझीलंडमध्ये, जिथं रोटरीचं वेड मोठं आहे, एकेकट्या बदललेल्या गाडीची तपासणी करणारे अधिकृत प्रमाणक असतात. फाउंडेशन, ब्रेक, स्टिअरिंग, सीटबेल्ट तपासून ते गाडीवर एक छोटी पट्टी ठोकतात, तिच्यावर काय बदललं ते कोरलेलं असतं. ब्रिटनमध्येही एकेका गाडीला मंजुरी देण्याची पद्धत आहे. आपल्याकडं चाचणी होते ती कंपनीच्या नमुन्याची किंवा किटची, पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत. एका माणसानं बांधलेली एक गाडी तिथं न्यायची, तर खर्च गाडीच्या किमतीच्या किती तरी पुढं जाणार. जिल्हा पातळीवर असा एखादा तपासनीस असता, तर ऑटोनगरचं चांगलं काम आणि गल्लीतलं जीवघेणं काम यांत फरक करता आला असता. आज कायद्याच्या लेखी दोन्ही सारखीच.

सरसकट मोकळीक द्या, असं याचा अर्थ कुणी काढू नये. केसभर सरकलेल्या अडॅप्टर प्लेटची आणि अपुऱ्या ब्रेकची किंमत रस्त्यावरचा दुसराच माणूस मोजतो. रोटरीचं म्हणाल तर खुद्द माझदानंही ते आता चाकांपासून दूर ठेवलंय. २०२३ मध्ये आलेल्या एमएक्स-३० मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर आहे, तो फक्त बॅटरी भरायला वीज करतो. शेतमाल ओढायला हे इंजिन घेणं म्हणजे शर्यतीचा बैल नांगराला जुंपणं.

तोवर जुन्या बाजारातून पिकअप घेणाऱ्यानं पैसे मोजण्याआधी चिमटीत कापड घेऊन इंजिनावरचा नंबर पुसावा आणि आरसीशी अक्षर न अक्षर ताडून पाहावा. इंधनाचा रकाना वाचावा. नंबराच्या जागी ग्राइंडरच्या खुणा दिसल्या, तर गाडी कितीही स्वस्त असो, चावी मालकाच्या हातात परत द्यावी.