मनातल्या फौजदाराला बडतर्फ करा!

करमाळ्याच्या कोर्टातले काम आटोपून जेऊर स्टेशनवर आम्ही गाडीची वाट पाहत होतो. काळा कोट पाहून शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "वकीलसाहेब, आडनाव काय आपलं?" आडनावाच्या आडून काय विचारले जाते, हे समाजबांधवांना सांगायला नको. आम्ही गावाचे नाव सांगितले, गाडीला उशीर झाल्याचे सांगितले. आडनाव तेवढे ओठांवर आले नाही. अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यांत ताठ मानेने उभे राहणाऱ्या आमची जीभ त्या बाकावर कुणी धरली?

या प्रश्नाचे एक शास्त्र व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड (१८५६-१९३९) यांनी मांडले. त्याला मनोविश्लेषण म्हणतात. मनाचा फार मोठा भाग आपल्याला ठाऊकच नसतो. ते अबोध मन. जे सोसवत नाही ते तिथे ढकलले जाते, हे दमन. पण दडपलेले मरत नाही. ते स्वप्नातून, विसरण्यातून, जीभ घसरण्यातून वर येते. १९२३ साली त्यांनी मनाचे तीन भाग सांगितले. इदम् म्हणजे हवे ते आत्ताच मागणारी वासना. पराहम् म्हणजे आईबापांच्या व समाजाच्या आज्ञांतून घडलेला आतला फौजदार. या दोघांना आणि बाहेरच्या जगाला सांभाळत वाट काढतो तो अहम्.

फ्रॉइड ज्यू होते. दहा-बारा वर्षांचे असताना वडिलांनी त्यांना तरुणपणची एक हकिकत सांगितली. एका ख्रिस्ती माणसाने वडिलांची नवी टोपी चिखलात उडवली आणि फुटपाथवरून खाली उतरायला दरडावले. वडील निमूट उतरले आणि टोपी उचलली. हा सल फ्रॉइड यांनी स्वप्नांवरच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवला आहे. आमच्यापैकी किती जणांच्या बापाची टोपी अशी चिखलात पडली आहे!

आता आपल्या आतला फौजदार पाहा. 'त्यांच्या ओट्यावर बसू नको', 'मान वर करून बोलू नको', हे लहानपणी आम्हाला आईनेच सांगितले. मार बसू नये म्हणून, मायेने सांगितले. मनूचा कायदा असा मायेच्या आवाजात आत शिरतो. १९५० साली संविधान लागू झाले, १९८९ साली अत्याचार प्रतिबंधक कायदा आला. कायदा अपमान करणाऱ्याला पकडतो. आत जाऊन बसलेल्या अपमानाला समन्स बजावता येत नाही.

स्वतःची घाण दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची आणि त्यालाच घाणेरडा म्हणायचे, हे प्रक्षेपण. "आम्ही जात मानत नाही हो, पण पोरीच्या लग्नात भावकी ऐकत नाही", हे समर्थन. फ्रॉइड यांची कन्या अ‍ॅना यांनी १९३६ साली मनाच्या अशा बचावांवर पुस्तक लिहिले. त्यात आणखी एक बचाव आहे : ज्याची भीती वाटते त्याच्यासारखेच होणे. नोकरी लागताच वस्तीकडे पाहून नाक मुरडणारा, पोटजातीबाहेरची सोयरिक नाकारणारा आमचा साहेब यात बसत नाही काय? त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' प्रसिद्ध केले आणि जातीची भिंत विटांची नाही, ती मनात आहे, असे बजावले.

फ्रॉइड यांना गुरू करण्याचे कारण नाही. त्यांच्या अनेक सिद्धांतांवर शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले आहेत आणि चिकित्सा तर तथागतांनीच शिकवली. धम्मात मनात सुप्त राहणाऱ्या प्रवृत्तींना अनुसय म्हणतात. मान हा त्यांपैकीच एक. 'मी श्रेष्ठ' हा जसा मान, तसा 'मी हीन' हाही मानच. दोन्ही सोडायचे आहेत.

म्हणून विहारात वंदनेनंतर घटकाभर एकमेकांचे ऐका. पोरगं गप्प गप्प राहू लागलं, त्याची झोप उडाली, तर देवऋष्याकडे नेऊ नका, डॉक्टरकडे न्या. जातीचा भेदभाव न होता मानसिक उपचार मिळणे हा २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलेला हक्क आहे. तो मागून घ्या.

पुढच्या तारखेला आम्ही पुन्हा जेऊरला उतरू. कुणी विचारले तर आडनाव सांगू, आवाज खाली न आणता. मनूच्या त्या फौजदाराची नुसती बदली करून भागणार नाही, बडतर्फीच हवी! जयभीम.