तबकडी रुसते तेव्हा

वाशिमच्या आमच्या आत्यांना नातीच्या लग्नाची चित्रफीत टीव्हीवरच बघायची आहे. म्हणून डीव्हीडीचा खटाटोप. संगणकावर काटछाट झकास होते आणि ऐन शेवटी तबकडी रुसते! बहुधा घोळ मापाचा असतो. वेष्टनावरचे ४.७ म्हणजे ४.७ अब्ज बाइट. संगणक त्यालाच ४.३७ जीबी म्हणतो. (जुना शेर नि नवा किलो!) तीन तासांचे लग्न त्यात कोंबले की चित्र पुसट होते, त्यापेक्षा दोन तबकड्या बऱ्या. आधी सारे हार्ड डिस्कवरच तयार करून चालवून पाहा, मग सावकाश तबकडीवर उतरवा. हार्ड डिस्कवरच अडले, तर कोऱ्या तबकड्या वाया घालवू नका. एखादा तुकडा बिघडलेला असेल, तो शोधा. मूळ फायली मात्र पुसू नका हं. आमच्या त्या मंगलाष्टकांत आत्यांच्या यजमानांचा आवाज आहे, आणि आता तो तेवढाच उरला आहे.