फोन हिसकावून गेम सुटत नाही



मुलाच्या हातातून फोन काढून घेतला, कपाटात ठेवला, कुलूप लावलं, की गेमचं व्यसन सुटलं असं बऱ्याच घरांत समजतात. दोन दिवस शांतता असते. तिसऱ्या दिवशी मुलगा शेजाऱ्याच्या नाहीतर मामाच्या फोनवर तोच गेम खेळताना सापडतो. मग मार, रडारड, शपथा आणि पुन्हा तेच. या विषयावर माझं मत स्पष्ट आहे. जो नियम घरात फक्त मुलासाठी असतो, तो टिकत नाही. गेम सोडवायचा असेल तर नियम सगळ्या घराचा पाहिजे, आणि फोन ठेवल्यावर रिकाम्या झालेल्या वेळेत काय करायचं हे आधी ठरलेलं पाहिजे.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. गेम खेळणारं प्रत्येक मूल व्यसनी नसतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या नव्या यादीत गेमिंगच्या विकाराचा समावेश केला आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन मुख्य खुणा दिल्या आहेत. खेळण्यावर ताबा राहत नाही. जेवण, झोप, अभ्यास, मित्र या सगळ्यांपेक्षा गेम मोठा होतो. आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. हे साधारण वर्षभर चाललं तरच त्याला विकार म्हणतात. म्हणून रविवारी तासभर गेम खेळला म्हणून मुलाला 'व्यसनी' म्हणू नका. तो शिक्का मुलं फार लवकर खरा मानतात.

मूल हट्टी नाही, गेमच तसा बनवलेला आहे

आपण म्हणतो, "याला काही समजतच नाही." पण समोर कोण आहे ते बघा. गेममध्ये रोज आलं की बक्षीस, एक दिवस चुकला की नुकसान, थोड्याच अंतरावर पुढची लेव्हल, आणि पेटी उघडली तर आत काय निघेल ते माहीत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले होते. दाणा कधी मिळेल हे नक्की नसलं की कबुतर चोच मारतच राहतं, हे त्यात दिसलं. न सांगता येणारं बक्षीस सगळ्यात जास्त धरून ठेवतं. जुगार यावरच चालतो आणि बरेच मोबाइल गेमही. शिवाय मैदानावरचा खेळ अंधार पडला की संपतो. हा संपतच नाही. अशा गोष्टीपुढे नऊ-दहा वर्षांच्या लेकराने एकट्याने मन आवरावं, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे.

बंदी येते, गेम नाव बदलून येतो

सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी पबजीवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२१ मध्ये, तोच गेम वेगळ्या नावाने भारतात आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर बंदी आली, पण त्याचं 'मॅक्स' रूप मुलांच्या फोनमध्ये राहिलं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणणारा कायदा केला. तो हवाच होता. पण आपली मुलं खेळतात ते बहुतेक गेम फुकटचे आहेत. त्यांच्यापर्यंत हा कायदा पोहोचत नाही. कायदा घराच्या दारापर्यंत येतो, आतलं काम आपल्यालाच करावं लागतं.

दोन गावं, दोन नियम

आपल्याच राज्यातली दोन उदाहरणं बघू. आपल्या विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ठराव केला की १८ वर्षांखालच्या मुलांनी मोबाइल वापरायचा नाही. त्याआधी काही महिने सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी वाट धरली होती. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा. मधला दीड तास मुलांच्या अभ्यासाचा, वाचनाचा आणि घरच्यांशी बोलण्याचा.

दोन्ही गावांची तळमळ खरी आहे, त्यांना नमस्कारच. पण मला वडगावचा मार्ग जास्त पटतो. तिथे आईची मालिकाही थांबते आणि बाबांचा व्हॉट्सॲपही. आपल्यालाच शिक्षा झाली असं मुलाला वाटत नाही. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून व्यसनी माणसासोबत त्याच्या घरच्यांशीही बोललं जातं, त्यामागेही हाच विचार आहे. व्यसन एकाला लागतं, पण त्यातून बाहेर पडायला सगळं घर लागतं.

आपल्या सदरमध्ये काय?

कोणी म्हणेल, ते गाव आहे, इथे शहर. बरोबर आहे. आमच्याकडे रेसिडेन्सी रोडच्या दुकानांत काम करणारे आईबाबा रात्री उशिरा घरी येतात. मंगळवारी बाजाराकडच्या गल्ल्यांत मुलांना खेळायला मोकळी जागा शोधावी लागते. त्यात नागपूरचा उन्हाळा! मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, शाळा उघडायला जूनचा शेवट. दुपारभर कूलरसमोर बसलेल्या मुलाला घराबाहेर पडू नको म्हणायचं, आणि फोनही नको म्हणायचं, तर त्याने करायचं काय? एक आई मला म्हणाली, "मॅडम, फोन नाही देला तर जेवतच नाही जी पोट्टं." तिचं म्हणणं खोटं नाही. पण जेवताना फोन देऊन आपणच ती गाठ रोज घट्ट करतो.

म्हणून भोंगा नसला तरी घरात एक वेळ ठरवता येते. माझ्या मते एवढं केलं तरी पुष्कळ :

१. जेवताना आणि झोपायच्या खोलीत कोणाचाच फोन नको. सगळे फोन रात्री एकाच ठिकाणी चार्जिंगला लावा.

२. गेम एकदम बंद करू नका. मुलासोबत बसून वेळ ठरवा आणि दर आठवड्याला थोडी कमी करा. घड्याळापेक्षा "ही मॅच संपली की बंद" हे मुलाला लवकर पटतं. मॅच अर्धी असताना फोन ओढू नका.

३. सुटलेली वेळ आधीच भरून ठेवा. दुपारी कॅरम, सागरगोटे, चित्रं, गोष्टीचं पुस्तक. ऊन उतरलं की सायकल किंवा लगोरी. स्वयंपाकात पोळी लाटायला दिली तरी मुलं रमतात.

४. पहिले काही दिवस मूल चिडेल, खोटं बोलेल, "कंटाळा आला" म्हणत मागे फिरेल. हे सुटण्याच्या वाटेवरचंच आहे. मध्येच एकदा पुन्हा खेळलं तर "झालं, तू सुधारणार नाहीस" म्हणू नका. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा सुरू करा.

५. झोप उडाली, शाळा सुटली, मूल अंगावर धावून येऊ लागलं किंवा जिवाचं बरंवाईट करायचं बोलू लागलं, तर घरचे उपाय पुरे. मेडिकल किंवा मेयोच्या मानसोपचार विभागात न्या. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, त्यावर मराठीत बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ताप आला की आपण नेतोच ना डॉक्टरकडे?

आणि शाळा?

शिक्षक मित्रांनो, पालकांना सांगताना आपलाही वाटा उचलू या. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा फोनशिवाय इलाज नव्हता. आता वर्ग रोज भरतात. मग प्राथमिकच्या मुलांचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर कशाला पाठवायचा? फळ्यावर लिहू या, मुलांना वहीत उतरवू द्या. "मॅडमने अभ्यास पाठवला" म्हणून हातात आलेला फोन पुढच्या पाच मिनिटांत कुठे जातो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. मधल्या सुट्टीत मैदान मोकळं ठेवू या, वर्गातल्या पेटीतली पुस्तकं मुलांना घरी नेऊ देऊ या. फाटलं एखादं पुस्तक तर फाटू द्या.

गेम मुलाला दर मिनिटाला सांगतो, "शाब्बास, जिंकलास!" आपल्या घरात आणि वर्गात त्याला दिवसातून किती वेळा शाब्बास ऐकू येतं, ते एकदा मोजून बघा. आज रात्री जेवताना आधी आपला फोन बाजूला ठेवा, आणि मग मुलाला विचारा, "आज काय काय केलंस रे?"