तळघर वगळून लिहिलेला इतिहास

शहरातल्या जुन्या हॉटेलांविषयी लिहिण्याची एक ठरीव रीत आपल्याकडे रुळली आहे. प्रथम स्थापनेचे साल, मग थोर पाहुण्यांची नामावळी, मग एखादी चुरचुरीत आख्यायिका आणि शेवटी ‘गेले ते दिवस’ म्हणून टाकलेला निःश्वास. सांस्कृतिक इतिहास शिकवताना हाच मजकूर वर्गात उतरतो, उत्तरपत्रिकांत येतो आणि काही वर्षांनी तोच पुरावा म्हणून उद्धृत होतो. आमचा आक्षेप या रीतीला आहे. तो नोंदवण्यासाठी आम्ही एकमेकांशी बांधली गेलेली दोन हॉटेले निवडतो. एक पॅरिसचे हॉटेल स्क्रिब, दुसरे मुंबईचे वॉटसन्स हॉटेल.

पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसीन या रस्त्यावर, हॉटेल स्क्रिबच्याच इमारतीत ‘ग्रां काफे’ होता. त्याच्या तळघरातल्या दालनाचे नाव ‘सालाँ अँदियँ’, म्हणजे भारतीय दालन. २८ डिसेंबर १८९५ रोजी ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला सशुल्क सार्वजनिक खेळ येथे झाला. तिकीट एक फ्रँक. तिकीट काढणारे तेहतीस. दहा चित्रफिती, प्रत्येक जेमतेम मिनिटभराची. जागेच्या मालकाला उत्पन्नातला पाचवा हिस्सा देऊ केला होता. त्याने तो नाकारून रोजचे तीस फ्रँक भाडे पसंत केले, आणि काही आठवड्यांतच त्या जिन्यावरून दिवसाला दोन हजारांवर माणसे उतरू लागली.

इथवर हकीकत आहे. पण आपल्या टिपणांत ही हकीकत फारशी आढळत नाही. आढळते ते असे, की पडद्यावर आगगाडी अंगावर येताना पाहून प्रेक्षक किंचाळत पळत सुटले. आगगाडीची ती फीत २८ डिसेंबरच्या कार्यक्रमात नव्हतीच. पुढे ती दाखवली गेली तेव्हाही अशी पळापळ झाल्याचा भरवशाचा समकालीन पुरावा मिळत नाही. जर्मन अभ्यासक मार्टिन लॉयपरडिंगर यांनी या कथेला सिनेमाचे ‘स्थापना-मिथक’ ठरवले, त्यालाही आता बराच काळ लोटला आहे. ‘पहिला खेळ’ हा किताबही निर्विवाद नाही. १ नोव्हेंबर १८९५ रोजी बर्लिनमध्ये स्क्लादानोव्स्की बंधूंनी आपल्या बायोस्कोपचा सशुल्क खेळ केला होता, आणि तोही सेंट्रल हॉटेलच्या ‘विंटरगार्टन’ रंगमंचावर. एवढे असूनही पळणारा प्रेक्षक आमच्या वर्गांतून पळतोच आहे. कारण तो सोयीचा आहे. प्रेक्षक भाबडा ठरला की आपण आपोआप जाणते ठरतो.

त्या तळघराच्या नावाकडेही आपल्याकडे कोणी थांबून पाहत नाही. पॅरिसच्या चैनीच्या रस्त्याखाली ‘भारत’ होता तो सजावट म्हणून. सहा महिन्यांनी तेच यंत्र खऱ्या भारतात आले आणि वॉटसन्स हॉटेलात उतरले. ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर असलेल्या मारिउस सेस्तिए या ल्युमिएरांच्या प्रतिनिधीने ७ जुलै १८९६ रोजी तेथे खेळ लावले. प्रवेशमूल्य एक रुपया. हॉटेल गोऱ्यांचे; त्या काळचा एक रुपया सामान्य मुंबईकराच्या आवाक्याबाहेरचा. पॅरिसमध्ये भारताला नावापुरती जागा होती आणि मुंबईत तीही नव्हती. वसाहतवादाच्या वाचनासाठी जाडजूड सिद्धान्तग्रंथ पालथे घालणाऱ्या आमच्या अभ्यासकांना हा उघडा तपशील वाचावासा वाटू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटते.

वॉटसन्सविषयी सांगितले जाते ते दुसरेच. जमशेटजी टाटांना या हॉटेलाच्या दारात अडवले, त्या अपमानातून त्यांनी ताजमहाल हॉटेल उभारले. ताज १९०३ साली सुरू झाले, हे खरे. दारातल्या अपमानाला मात्र भक्कम समकालीन पुरावा कोणी पुढे केलेला नाही, आणि अनेक अभ्यासकांनी ती कथा संशयास्पद मानली आहे.

यावर एक युक्तिवाद नेहमी होतो, आणि तो हलका नाही. आख्यायिका घडली नसेल, पण ती काळाचे सत्य सांगते. वर्णद्वेष तर होताच ना? होता, आणि म्हणूनच आम्हांस ही कथा नको आहे. वर्णद्वेष सिद्ध करायला तिची गरज नाही. उलट ही कथा त्या अन्यायाला आकसून टाकते. हजारोंच्या वाट्याला रोज येणारी अवहेलना एका धनवंताच्या एका संध्याकाळच्या अपमानात मावते, आणि त्याहून भव्य हॉटेल उभे राहिले की तिचे परिमार्जनही होऊन जाते. ज्याला ना वॉटसन्समध्ये प्रवेश होता ना ताजमध्ये परवड, त्याचे काय झाले, हा प्रश्नच या कथेत उद्भवत नाही. आख्यायिका काळाचे सत्य सांगतात असे म्हणताना त्या कोणते सत्य गिळतात हेही तपासायला नको काय?

त्या माणसाचा माग घ्यायचा तर वॉटसन्समधून बाहेर पडावे लागते. १४ जुलै १८९६ पासून सेस्तिएचे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात सुरू झाले. तेथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत दर होते आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र व्यवस्था होती. आमच्या मते येथील सिनेमाचा जन्म सांगायचाच तर तो या चार आण्यांपाशी सांगावा. या खेळांनी भारावलेले हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावे दादा, यांनी १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले, आणि १९०१ मध्ये रँग्लर परांजपे मायदेशी परतले तेव्हा त्यांचे स्वागत टिपले. एका कुस्तीने आणि एका गणितज्ञाच्या सत्काराने सुरू झालेली ही परंपरा आमच्या टिपणांत एका ओळीत उरकली जाते. टाटांच्या पुराव्याविना सांगितल्या जाणाऱ्या अपमानाला मात्र परिच्छेद मिळतो.

आता इमारतीविषयी. इंग्लंडमध्ये ओतलेले लोखंडी सांगाडे जहाजातून आणून १८६७ ते १८६९ या काळात वॉटसन्स उभे राहिले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. जानेवारी १८९६ मध्ये मार्क ट्वेन येथे उतरले होते, आणि हे वाक्य कोणत्याही लेखात चुकत नाही. हॉटेल बंद झाल्यावर इमारत ‘एस्प्लनेड मॅन्शन’ झाली. ज्या खोल्यांत साहेब झोपले तेथे लाकडी फळ्या ठोकून वकिलांच्या कचेऱ्या, टंकलेखक, छोटे व्यावसायिक आणि भाडेकरू कुटुंबे दाटीने वसली. हे तिचे दुसरे आयुष्यही दीर्घ होते. पण ते ‘दुरवस्था’ या एका शब्दात संपवले जाते. २००५ मध्ये तिचा काही भाग कोसळून एका व्यक्तीचा बळी गेला. जागतिक स्मारक निधीच्या २००६ च्या संकटग्रस्त वास्तूंच्या यादीतही तिचे नाव आले. २०१९ मध्ये ती रिकामी करण्यात आली. त्याच वर्षी आयआयटी मुंबईच्या अहवालाने ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचे सांगून पाडण्याची शिफारस केली, आणि वास्तुवारसा जपू पाहणाऱ्यांनी तिला विरोध केला.

या वादात साहित्याच्या अभ्यासकांनी पडू नये, तो अभियंत्यांचा विषय आहे, असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. कोणती वास्तू राखावी याचा निर्णय अखेर तिच्याविषयी काय सांगितले गेले आहे यावर बराचसा अवलंबून असतो, आणि सांगणे हे तर आमचेच क्षेत्र. वॉटसन्सविषयी आम्ही दोन किस्से आणि एक मार्क ट्वेन एवढेच शिल्लक ठेवले असेल, तर ते जपायला इमारत कशाला हवी? भिंतीवरची पाटी पुरेल.

७ जुलैच्या त्या खेळात आगगाडीबरोबरच एक भिंत पाडण्याची फीतही होती. ही फीत उलटी चालवून पडलेली भिंत पुन्हा उभी करून दाखवणे हा ल्युमिएरांचा लोकप्रिय चमत्कार होता. इमारतींच्या बाबतीत ती सोय नाही, आणि इतिहासलेखनात ती अंशतःच आहे. अभिलेखागारे, जुन्या वृत्तपत्रांच्या जाहिराती, भाडेपावत्या, न्यायालयातील दावे आणि या इमारतीत आयुष्य काढलेल्या माणसांच्या आठवणी अजून हाती लागू शकतात. पाहुण्यांची वही बंद करून या कागदांकडे आणि माणसांकडे विद्यार्थ्यांना पाठवावे, एवढी आमची अध्यापक मित्रांकडे मागणी आहे. पुढच्या परीक्षेत जमशेटजींचा अपमान विचारण्याऐवजी नॉव्हेल्टीतल्या चार आण्यांच्या तिकिटाविषयी एक प्रश्न घालून पाहावा. उत्तरे कच्ची येतील, पण ती कोणाची तरी स्वतःची असतील.